सैन्याची रसद : कुट-अल-अमाराचा धडा

पानिपतावर इ. स. १७६१ मध्ये मराठ्यांचे सैन्य उपासमारीने जर्जर होऊन रणात उतरले, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे दीडशे वर्षांनी मेसोपोटेमियात मराठा शिपायांवर अन्नान्नदशेचा तसाच प्रसंग गुदरला. त्याचे स्मरण मात्र फार थोड्यांना आहे.

पहिल्या महायुद्धात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादनजीक टेसिफोन येथे मोठी प्राणहानी सोसून जनरल टाउनशेंड यांची ही फौज तैग्रिस नदीकाठच्या कुट-अल-अमारा गावी मागे आली. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला वेढा घातला.

त्या मुलखात पक्की सडक नव्हती की आगगाडी नव्हती. बसऱ्याहून धान्य, औषधे, दारूगोळा सारे नदीतूनच न्यावे लागे आणि बोटी तर अपुऱ्या. वेढा उठविण्यासाठी निघालेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक ठार व जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. आत शिध्याचे माप दिवसेंदिवस घटत गेले. घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपाई धर्मभावनेमुळे दीर्घकाळ तयार नव्हते. भाजीपाल्याअभावी रक्तपितीसारखा रोग बळावला. विमानांतून पोती टाकण्यात आली. ती पुरी पडेनात. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ ही बोट २७० टन सामान घेऊन निघाली, तीही शत्रूच्या हाती पडली. २९ एप्रिल रोजी फौजेला शरणागती पत्करावी लागली. शौर्यात उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो रसदीत.

याचा पुरावा पुढील वर्षीच मिळाला. जनरल मॉड यांनी आधी बोटी, रेल्वे व वाहतूक यांची व्यवस्था लावली आणि मगच चाल केली. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद हाती आले.

हिंदी सैन्याच्या रसद व वाहतूक खात्याचे १९२३ मध्ये ‘इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर’ झाले. आज ते ‘आर्मी सर्व्हिस कोअर’ या नावाने ओळखले जाते व ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे त्याचे ब्रीद आहे. त्याच्या बटालियनी धान्य व इंधन पोचवितात. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होण्यापूर्वी लडाखमधील ठाण्यांचा साठा भरून ठेवावा लागतो. मोटार जात नाही तेथे आजही खेचरे ओझे वाहतात.

आपल्या समाजात तलवार गाजविणाऱ्यांचे पोवाडे झाले, ते योग्यच होय. परंतु पलटणीत मोटार हाकणारा, खेचरे सांभाळणारा, कोठारात धान्य मोजून देणारा जवान निवृत्त होऊन घरी येतो, तेव्हा ‘मी काही लढलो नाही’ असे संकोचाने सांगतो. त्याला हा संकोच वाटू नये. यापुढे स्मरणिकेत सैनिकांची यादी छापताना अशा बांधवांची नावेही त्याच मानाने घ्यावीत, अशी नम्र सूचना आहे. कुटच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या आपल्या पूर्वजांना त्यांचे मोल सर्वांत अधिक कळले असते.