शिकारी पक्ष्यांचा उपग्रह-मागोवा

ससाणा, घार, गिधाड अशा पक्ष्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून त्यांच्या भ्रमंतीची उपग्रहामार्फत नोंद घेण्याची पद्धत. पायात नुसते कडे घातलेला पक्षी पुन्हा कुणाच्या हाती लागला, तरच काही उमगते. मधली वाट कोरीच राहते. १९८४ मध्ये अमेरिकेत एका बाल्ड ईगलवर या पद्धतीचा पहिला प्रयोग झाला.

उपकरणाचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांवर जाऊ नये, असा संकेत आहे. टेफ्लॉनच्या पट्टीने ते बांधतात. इवल्याशा सौरपट्टीवर ते चालते. आर्गोस यंत्रणेत उपग्रह वरून सरकताना संदेशाची वारंवारता बदलते व त्यावरून जागा काढली जाते. जीपीएस उपकरण जागा स्वतःच काढून उपग्रहाकडे वा मोबाइल टॉवरकडे धाडते. नकाशावर दिसणारी सलग रेघ मात्र संगणकाची. पक्ष्याकडून येतात ते सुटे ठिपके.

भारतात सर्वाधिक गाजला तो अमूर ससाणा. सैबेरिया-उत्तर चीनमध्ये वीण आणि हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण भागात, असा त्याचा शिरस्ता. २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या पुढाकाराने नागालँडमध्ये तीन ससाण्यांना उपकरणे बसवली गेली; त्यांची नावे नागा, पांगती, वोखा. आदल्याच वर्षी त्या भागात हजारो ससाणे जाळ्यांत मारले गेले होते. पांगती हे त्याच भागातले गाव. नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपुरात टॅग केलेल्या अलांग या ससाण्याने तेलंगणात एक रात्र आणि महाराष्ट्रात जेमतेम तीन तास थांबून अरबी समुद्र ओलांडला व केनिया गाठले. बातम्यांत किलोमीटरच झळकतात; अभ्यासकाला हे थांबेच अधिक मोलाचे.

घारींवरचे महत्त्वाचे काम दिल्लीत झाले. तिथे हिवाळा काढणाऱ्या काही घारी हिमालय ओलांडून मध्य आशियात परततात, हे त्यातून दिसले. हैदराबादेत बेगम बाजारावर घिरट्या घालणारी घार तिथलीच की पाहुणी, हे खालून पाहून ओळखणे सोपे नाही.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण गिधाडांचे, पण ती पिंजौरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली. ही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये पेंच व ताडोबात आणली गेली. पुढे टॅग लावून ती मोकळी सोडण्यात आली. ताडोबाचे ‘एन-११’ हे पांढऱ्या पाठीचे गिधाड सुमारे ४,००० किमी हिंडून तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात पोचले आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेले. ते कुठे मेले, हे कळले ते पाठीवरच्या उपकरणामुळे.