टप उघडणाऱ्या स्पोर्ट्स कार : रचना, सुरक्षा आणि कायदा

तिलवारा (जबलपूर) : बंद मोटारीचा टप काढला की ती हलकी होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात महागड्या स्पोर्ट्स कारची उघडी आवृत्ती तिच्या बंद आवृत्तीपेक्षा बहुतेक वेळा अधिक जड असते. टप काढल्यामुळे गेलेली मजबुती अभियंत्यांना गाडीच्या उरलेल्या भागांत पुन्हा भरावी लागते आणि हे वजन त्यातूनच वाढते. हा हिशेब न करता जुन्या गाडीचा टप कापून तिला 'कन्व्हर्टिबल' करून घेणे आत बसणाऱ्यांच्या जिवाला धोक्याचे ठरते. भारतीय कायद्यानुसार तो गुन्हाही आहे.

तिलवारा घाटावर नर्मदा ओलांडून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जबलपूर शहराचे एका उघड्या मोटारीशी जुने नाते आहे. लष्करासाठी येथे तयार झालेली 'जोंगा' ही ती मोटार. जपानच्या निस्सान कंपनीच्या 'पॅट्रोल' या वाहनावर ती आधारलेली होती. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाव मिळाले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिचे उत्पादन होत होते. जोंगावर कॅनव्हासचा टप असे. तो गुंडाळून ठेवला तरी गाडीच्या मजबुतीत फरक पडत नसे, कारण सगळा भार खालच्या जाड पोलादी चासीवर होता. काही जोंगांवर तर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवली जात असे.

आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींची रचना वेगळी आहे. त्यांना स्वतंत्र चासी नसते. तळ, दारांखालचे उंबरे, खांब आणि टप मिळून एकच पेटी तयार होते आणि तीच सगळा भार पेलते. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. अशा गाडीत टप हा सांगाड्याचाच एक भाग असतो.

काडेपेटीचे उदाहरण

हे समजून घेण्यासाठी काडेपेटी पुरेशी आहे. आतला खण बाहेर काढून दोन टोकांना धरून पिळला तर तो सहज वाकडा होतो. तोच खण बाहेरच्या आवरणात सरकवला की पेटी ताठ होते. मोटारीचे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असताना तिच्या सांगाड्यावर असाच पीळ पडतो. हा पीळ सहन करण्याच्या क्षमतेला अभियंते 'टॉर्शनल रिजिडिटी' म्हणतात. सांगाडा एका अंशाने पिळण्यासाठी किती न्यूटन-मीटर बल लागते, त्यावरून ती मोजतात.

ही क्षमता कमी पडली की खराब रस्त्यावर समोरची काच आणि डॅशबोर्ड थरथरू लागतात, दारे करकरतात आणि वळणावर गाडीचा नेम चुकतो. स्पोर्ट्स कारमध्ये हा दोष अधिक जाणवतो. तिचे सस्पेन्शन कडक असते आणि सांगाडा स्थिर आहे असे गृहीत धरूनच ते जुळवलेले असते.

म्हणून उघड्या आवृत्तीत दारांखालचे उंबरे अधिक जाड केले जातात. समोरच्या काचेच्या दोन्ही खांबांमध्ये अतिशय कडक पोलादाच्या नळ्या घालतात. आसनांमागची आडवी भिंत भक्कम करतात आणि तळाला तिरक्या पट्ट्या जोडतात. शिवाय टपाची घडी, मोटर आणि बिजागऱ्या यांचे वजन असतेच. लॅम्बोर्गिनीची 'हुराकान स्पायडर' ही गाडी बंद हुराकानपेक्षा सुमारे १२० किलोग्रॅमने जड आहे. फेरारीची २०१९ मधील '८१२ जीटीएस' तिच्या बंद आवृत्तीपेक्षा ७५ किलोग्रॅमने जड आहे.

यावर एक उपाय कार्बन फायबरने दिला. मॅक्लारेनच्या '१२सी' या गाडीत प्रवासी बसतात तो भाग कार्बन फायबरच्या एकसंध टबासारखा आहे. सगळा ताण तो टबच पेलतो, टपावर फारसे काही अवलंबून नसते. त्यामुळे २०१२ मध्ये आलेल्या तिच्या स्पायडर आवृत्तीचे वजन केवळ ४० किलोग्रॅमने वाढले.

आधी उघडी, मग बंद

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. तिच्या मालकीच्या काळात आलेली 'जग्वार एफ-टाइप' ही या विषयातील महत्त्वाची गाडी ठरली. मुख्य अभिकल्पक इयान कॅलम यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही अ‍ॅल्युमिनियमची मोटार २०१२ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात प्रथम उघड्या रूपात सादर झाली. बंद कूपे आवृत्ती २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आली. म्हणजे नेहमीचा क्रम येथे उलटा होता.

या क्रमाचा फायदा असा की, सांगाड्याचा आराखडा मुळातच टपाविना उभा राहील असा करावा लागतो. त्यावर नंतर टप चढवला की मजबुतीत मोठी भर पडते. एफ-टाइप कूपेची पीळ सहन करण्याची क्षमता प्रति अंश ३३ हजार न्यूटन-मीटर असल्याचे कंपनीने सांगितले होते. जग्वारच्या तोपर्यंतच्या कोणत्याही उत्पादित मोटारीपेक्षा ती अधिक होती. उघड्या एफ-टाइपचा कापडी टप ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात १२ सेकंदांत उघडता किंवा मिटता येत असे. या गाडीचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले.

कापड की धातू

टपाचे दोन मुख्य प्रकार आहेत. कापडी टप हलका असतो, त्याची घडी लहान होते आणि गाडीचे वजन खाली राहते. मात्र त्यातून आवाज अधिक येतो आणि तो जपावा लागतो. धातूचा टप मिटल्यावर गाडी बंद कूपेसारखी शांत होते, पण त्याच्या घडीला जागा अधिक लागते. घडी होणारा धातूचा टप नवा नाही. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९३५ मध्येच '४०२ एक्लिप्स' या मोटारीत तो दिला होता. १९९६ च्या 'मर्सिडीझ एसएलके'ने ही कल्पना पुन्हा लोकप्रिय केली.

इंजिन आसनांच्या मागे असलेल्या गाडीत प्रश्न अधिक बिकट होतो. जिथे टप ठेवायचा तिथेच तापलेले इंजिन असते. फेरारीने २०११ मध्ये '४५८ स्पायडर'मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दोन भागांचा टप इंजिनावर आडवा निजवून हा प्रश्न सोडवला. हा टप १४ सेकंदांत उघडतो.

टप उघडल्यावर हवेचे गणितही बदलते. समोरच्या काचेवरून सुटलेली हवा आसनांमागे भोवरा करून पुन्हा पुढे येते. त्यामुळे वेगात असताना प्रवाशांच्या मानेवर वारा मागून आदळतो. तो रोखण्यासाठी आसनांमागे जाळीचा किंवा काचेचा अडसर बसवतात. काचेचा उतार किती ठेवायचा आणि मागचे उंचवटे कुठे द्यायचे, हेही याच हिशेबाने ठरते.

गाडी उलटली तर

उघड्या मोटारीवरचा सर्वात जुना आक्षेप सुरक्षेचा आहे. गाडी उलटल्यास प्रवाशांच्या डोक्यावर काहीच नसते. १९७०च्या दशकात अमेरिकेत याबाबत कठोर नियम येतील, अशी उत्पादकांची अपेक्षा होती. त्या धास्तीने जग्वारने १९७५ मधील 'एक्सजे-एस' ही गाडी केवळ बंद स्वरूपात आणली. तिची पूर्णपणे उघडी आवृत्ती यायला १९८८ साल उजाडले. त्याआधी १९६५ मध्ये पोर्शने '९११ टार्गा'मध्ये आसनांमागे रुंद पोलादी कमान ठेवून मधला मार्ग काढला होता.

१९८९ च्या 'मर्सिडीझ एसएल'ने पुढचे पाऊल टाकले. एरवी खाली दडलेली तिची संरक्षक कमान गाडी उलटण्याची चिन्हे दिसताच ०.३ सेकंदांत आपोआप वर येत असे. आज बहुतेक महाग कन्व्हर्टिबल गाड्यांत आसनांमागे अशी उसळून वर येणारी किंवा कायमची कमान असते. समोरच्या काचेची चौकट आणि ही कमान यांच्यामध्ये प्रवाशांचे डोके सुरक्षित राहील, असा आराखडा केला जातो.

मुंबईच्याच महिंद्र समूहाच्या मालकीच्या 'ऑटोमोबिली पिनिनफारिना' कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेत 'बी९५' ही विजेवर चालणारी मोटार सादर केली. तिला टप नाही आणि नेहमीची समोरची काचही नाही. चालक आणि सहप्रवाशासमोर वरखाली करता येणारे दोन स्वतंत्र पारदर्शक पडदे आहेत. केवळ दहाच गाड्या बनवण्याचे जाहीर करून कंपनीने प्रत्येकीची किंमत ४४ लाख युरोंपासून पुढे ठेवली. विजेच्या गाड्यांत तळाला असलेला बॅटरीचा भक्कम संच सांगाड्याला ताठपणा देण्यासाठीही वापरता येतो. त्यामुळे उघड्या गाड्यांच्या आराखड्याला नवी सोय मिळाली आहे.

भारतातील स्थिती

भारतात हा वर्ग लहानच राहिला. बंगळुरूच्या सॅन मोटर्सने १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची, फायबरच्या बॉडीची उघडी मोटार आणली होती. तिला रेनॉ कंपनीचे १.२ लिटरचे इंजिन होते. तिला व्यापक बाजारपेठ मिळाली नाही. मध्य भारतातील उन्हाळ्याचा ४० अंशांवरचा पारा, धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस टपाच्या कापडाची आणि रबरी पट्ट्यांची परीक्षा पाहतात. खड्डे सांगाड्याला सतत पीळ देतात आणि तळाला जोडलेल्या पट्ट्यांना गतिरोधक घासण्याची भीती असते.

अशा परिस्थितीत काही हौशी मालक स्थानिक गॅरेजमध्ये जुन्या बंद गाडीचा टप कापून घेण्याचा सोपा वाटणारा मार्ग शोधतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यासारखे बदल मात्र ठरलेल्या अटींवर करता येतात.

उत्पादकाला नवे मॉडेल बाजारात आणण्यापूर्वी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात 'एआरएआय'सारख्या अधिकृत संस्थेकडून त्याची चाचणी करून घ्यावी लागते. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूर येथे 'नॅट्रॅक्स' हे चाचणी केंद्र असून तेथील ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. कापलेल्या टपाची गाडी अशा कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते. तिच्या उंबऱ्यांत जास्तीचे पोलाद नसते, काचेचे खांब पूर्वीइतकेच नाजूक असतात आणि आसनांमागे कमान नसते. बाजूने धडक बसल्यास किंवा गाडी उलटल्यास आधार देणारा भागच तिच्यातून काढून टाकलेला असतो.

जुनी कन्व्हर्टिबल विकत घेताना नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा प्रकार काय नमूद आहे आणि उत्पादकाने ते मॉडेल उघड्या स्वरूपात खरोखर बनवले होते का, या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. उंबऱ्यांवर, खांबांच्या टोकांना किंवा काचेच्या चौकटीवर नव्या वेल्डिंगच्या खुणा आढळल्यास अशी गाडी टाळणेच श्रेयस्कर.