दोन धातूंचे नाणे आणि बट्ट्याची जुनी कथा

नाणे हे राज्यसत्तेचे सर्वांत लहान फर्मान होय. ताम्रपट वाचणारे थोडे, शिलालेखापुढे क्षणभर थांबणारे त्याहून थोडे. परंतु नाणे मात्र पेढीवरून पदरात, पदरातून देवापुढच्या तबकात आणि तबकातून पुन्हा बाजारात असे अखंड फिरत असते. म्हणूनच जो नाणी जमवितो तो नकळत इतिहासाची दप्तरेच जमवीत असतो. प्रस्तुत लेखात नाण्यांच्या एकाच कुळीचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांचा गाभा एका धातूचा आणि भोवतालची कडी दुसऱ्या धातूची, अशी ही दोन धातूंची नाणी. आज प्रत्येकाच्या खिशात असलेले दहा रुपयांचे नाणे हे त्यांतील आपल्या नित्य परिचयाचे.

आमचे निपाणी हे तंबाखूच्या पेठेचे गाव. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता येथून जातो आणि कोल्हापूरची हद्दही जवळच. सरलष्कर सिद्धोजीराव नाईक निंबाळकरांच्या काळी या मुलखात व्यापार करणाऱ्यास एक गोष्ट प्रथम शिकावी लागे, ती म्हणजे रुपया आणि रुपया यांतील भेद. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींतून निरनिराळे रुपये पडत. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा. चांदीचा कस निराळा, वजन निराळे, म्हणून एका गावचा रुपया दुसऱ्या गावी पूर्ण मोलाने चालत नसे. मग पोतदार पुढे होई, रुपया वाजवून, पारखून त्यावर बट्टा सांगे. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण त्याच्या मागे नाण्यागणिक काही अंश गमावणाऱ्या सामान्य माणसाचे दुःख आहे, हे ध्यानी ठेविले पाहिजे. बट्ट्याचा भार सराफावर कधीच पडत नसे. तो पडे पारख नसणाऱ्यावर.

हा गोंधळ कायद्याने आटोक्यात आणण्याचा मोठा प्रयत्न १८३५ साली झाला. कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखासाठी ठरविला. पुढे १८९३ मध्ये खासगी चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेण्याची मोकळीक बंद झाली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली निकेलचा रुपया निघाला. अशा रीतीने नाण्याचे मोल धातूतून हळूहळू निघून मुद्रेत येऊन बसले. पूर्वी विचारीत, ‘यात चांदी किती?’ आता विचारायचे ते एवढेच की, ‘यावर शिक्का कोणाचा?’

हे स्थित्यंतर दोन धातूंच्या नाण्यांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. रोमन बादशहांच्या काळी, दुसऱ्या शतकात, दोन धातूंची भेटपदके तयार होत. पण ती मानाची वस्तू, व्यवहाराची नव्हे. इंग्लंडात १६८४ साली कथिलाचे फार्दिंग निघाले. कथिल स्वस्त आणि वितळावयास सोपे, तेव्हा खोटी नाणी पाडणाऱ्यांना रान मोकळे मिळेल या भयाने त्याच्या मध्यभागी तांब्याची खुंटी ठोकण्यात आली. अमेरिकेत १७९२ साली याच्या उलट हेतूने एक प्रयोग झाला. एका सेंटचे मोल भरेल एवढे तांबे घ्यावे तर नाणे फार मोठे होते, म्हणून लहान तांब्याच्या चकतीत चांदीचा ठिपका बसवून पाहिला. ते नमुन्यापलीकडे गेले नाही. इंग्रजांस नक्कल टाळावयाची होती, अमेरिकनांस मोल भरून काढावयाचे होते. दोघांची चिंता एकच, ती म्हणजे घेणाऱ्याचा विश्वास.

आधुनिक काळात या कल्पनेस खरे यश आले ते इटलीत, १९८२ साली. पाचशे लिरांचे नाणे रोमच्या टांकसाळीने दोन धातूंत काढले आणि ते रोजच्या व्यवहारात चालविले. याची रचना मोठी कौतुकाची आहे. गाभ्याच्या चकतीच्या कडेला खाच असते. ती चकती कडीच्या छिद्रात ठेवून वरून ठसा पडला की दाबाने धातू पसरतो, खाचेत शिरतो आणि दोहोंची पकड बसते. येथे डाग नाही, झाळ नाही. दोन्ही धातू वितळून एक होत नाहीत. आपापला रंग राखून एकमेकांस धरून राहतात.

या मासिकाच्या वाचकांनी आपल्या संग्रहात आवर्जून ठेवावे असे एक परदेशी नाणे येथे सांगितले पाहिजे. पोर्तुगालने १९९१ साली दोनशे एस्कुदोंचे दोन धातूंचे नाणे काढले. त्यावर मुद्रा आहे गार्सिया द ओर्ता या वैद्याची. हा गृहस्थ १५३४ मध्ये गोव्यास आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही व वैद्य झाला, आणि हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो मूळच्या ज्यू व नंतर ख्रिस्ती केल्या गेलेल्या घराण्यातील. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन बसले. ज्या काळात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीहून मंगेशास व केळशीहून शांतादुर्गेस अंत्रूज महालात हलविले, त्याच काळातील ही हकीकत आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पण १५८० साली त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. ज्याच्या अस्थींसही विसावा दिला नाही, त्याची मुद्रा चारशे अकरा वर्षांनी त्याच देशाने आपल्या नाण्यावर गौरवाने उमटविली! युरो आल्यावर २००२ साली हे नाणे व्यवहारातून गेले, परंतु त्याची साक्ष गेलेली नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यावर पहिले साल २००५ चे आहे. लोकांच्या हाती ते २००९ मध्ये आले. व्यास २७ मिलिमीटर, वजन ७.७१ ग्रॅम, बाहेरची पिवळी कडी ॲल्युमिनियम ब्राँझची, म्हणजे मुख्यतः तांब्याची. पहिल्या ठशावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा व चार ठिपके होते. सरकारने त्यास विविधतेतील एकतेचे चिन्ह म्हटले. कित्येकांस त्यात ख्रिस्ती क्रूस दिसला आणि आक्षेप निघाले. पुढे वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त देवीची प्रतिमा असलेले नाणे निघाले, तेव्हा आक्षेप उलट दिशेने आला. देवीची प्रतिमा व तंजावरच्या बृहदीश्वराचे मंदिर असलेली नाणी मागे घ्यावीत, असा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला. २०१८ च्या जानेवारीत न्यायालयाने तो फेटाळला. एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ नाणे काढण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. होमी भाभा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वामी चिन्मयानंद यांच्या स्मरणार्थही याच कुळीची नाणी निघाली आहेत. संग्राहकाच्या डबीत शास्त्रज्ञ, घटनाकार, संन्यासी आणि देवी शेजारी शेजारी नांदतात.

तथापि याच विविधतेने एक अनर्थ घडविला. नाण्यावर पंधरा रेषा असल्या तर ते खोटे, दहा असल्या तर खरे. रुपयाचे नवे चिन्ह नसले तर ते बाद, अशा वदंता देशभर उठल्या. दुकानदार नाणे परत करू लागले, वाहक घेईना, आणि विडी वळणाऱ्या बाईने मजुरीतून राखलेले दहा रुपये तिच्याच हातात निरुपयोगी ठरू लागले. बाजारात न चालणारी नाणी मग देवाच्या दानपेटीत पडू लागली, ही गोष्ट देवस्थानांच्या विश्वस्तांस सांगावयास नको. वस्तुतः नवे चिन्ह जुलै २०११ पासूनच्या नाण्यांवर आले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणार कसे? रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला; पुन्हा १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केले की, आजवर चौदा प्रकारच्या ठशांची दहाची नाणी निघाली असून ती सर्व वैध आहेत, आणि बँकांच्या सर्व शाखांनी ती स्वीकारावीत.

कायद्याची भाषाही स्पष्ट आहे. नाणे अधिनियम, २०११ याच्या सहाव्या कलमानुसार एक रुपया व त्यावरील मोलाची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन होत. मात्र नाणे विद्रूप केलेले वा झिजून वजनास उणे झालेले नसावे. तेव्हा चांगल्या नाण्याला गावगप्पांवरून नाकारणे म्हणजे १८३५ पूर्वीचा बट्टा पुन्हा बसविणेच होय. त्या काळी पोतदाराजवळ निदान पारख तरी होती. आजच्या नाकारणाऱ्याजवळ केवळ ऐकीव गोष्ट असते.

याच नाण्याविषयी दुसरी, अगदी विरुद्ध वदंताही आहे. देवीचे नाणे घरात असेल तर त्याचे लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती पसरल्या. त्यांना भुललेल्यांकडून आधी शुल्क व कर या नावाखाली पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचे नावही यासाठी वापरले गेले, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेस सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. बाजार म्हणतो शून्य, जाहिरात म्हणते लाख. कायदा म्हणतो दहा. यांतील कोणाचे ऐकावे, हे सुज्ञ वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

संग्राहकाने काय करावे? सालाखालची खूण पाहावी. चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कलकत्ता. २०२० साली चलनात आलेले वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे दहाच्या शेजारी ठेवावे. त्यात रंगांची उलटापालट आहे, गाभा पिवळा आणि कडी पांढरी. कौतुकापोटी गाभा ठोकून बाहेर काढण्याचा मोह टाळावा, कारण नाणे नष्ट करणे हा याच अधिनियमाखाली शिक्षेस पात्र असा अपराध आहे. आणि देवस्थानांनी आपल्या कार्यालयात रिझर्व्ह बँकेचा खुलासा लावून ठेवावा, दानपेटीतील दहाची नाणी सुट्या पैशांच्या रूपाने भाविकांस निःशंकपणे परत द्यावीत. ज्या नाण्यावर बाजाराचा विश्वास उडाला, ते देवाच्या दारी पुन्हा मानाने हातात पडले तर लोकांची शंका जितकी लवकर फिटेल, तितकी ती कोणत्याही परिपत्रकाने फिटणार नाही.