उल्मच्या फळीवरची तापी

१४८२ साल. जर्मनीतलं उल्म शहर. लिनहार्ट होलेच्या छापखान्यात पाऊल टाकताच उकळलेलं जवसाचं तेल, काजळी आणि ओला कागद यांचा वास तुमच्या नाकात शिरतो. खिडकीशी एक कारागीर लाकडी फळीवर वाकलाय. तो रेष कोरत नाही, रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढतो. रेष उंच उरते आणि शाई तिलाच लागते. इथं सगळं उलटं: पश्चिम उजव्या हाताला, अक्षरं आरशातली. जगाच्या नकाशावर आर्म्सहाइमच्या योहानेसनं स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, आणि त्याच्या हातून रोमन ‘एन’ उलटाच छापला गेलाय. पाचशे वर्षांनी या नकाशाची ओळख सांगताना जाणकार त्या अक्षरावर बोट ठेवतील.

तुम्ही नंदुरबारचे. जगाचा नकाशा राहू द्या, आशियाचा दहावा नकाशा मागा. हिंदुस्थान त्यावर चेपलेला आहे, द्वीपकल्पाचं टोक जवळजवळ नाहीच आणि श्रीलंका अवाढव्य. पण भरुचचं आखात सापडतं. त्याला मिळणारी नमादुस म्हणजे नर्मदा. तिच्या दक्षिणेची नानागुना, ती बहुतेक अभ्यासकांच्या मते आपली तापी. फळीवर ती पूर्वेकडे वाहताना दिसते, कागदावर उमटली की पश्चिमेला वळते.

या कारागिरानं तापी पाहिलेली नाही. होलेनंही नाही. मग ती इथं आली कशी?

मागे या, इसवी सन १५० च्या आसपास, अलेक्झांड्रियात. भूगोलकार टॉलेमी व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली ठिकाणं अक्षांश-रेखांशांत बसवतोय; होलेचे नकाशे याच आकड्यांवरून काढलेले आहेत. नाशिक, पैठण, तेर, उज्जैन त्याच्या यादीत आहेत. पैठणचा राजा म्हणून त्यानं दिलेलं नाव सातवाहन पुळुमावीचं. नानागुनेच्या काठी तो ‘फिलिताई’ नावाचे लोक लिहितो. ते भिल्ल असावेत, असं कित्येक अभ्यासकांनी मानलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र पटावंसं वाटतं, कारण त्या काळी तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाश्याला वस्ती होतीच. १९५४-५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी तिथं केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनचे थर लागले.

आता १५४० चं बासेल. सेबास्टियन म्युन्स्टर टॉलेमीची आपली आवृत्ती काढतोय, छापणारा हाइनरिख पेट्री. इथं युक्ती निराळी आहे. फळीत खाचा पाडून गावांची नावं धातूच्या अक्षरांनी बसवली आहेत. फळी तीच ठेवून नावं बदलता येतात, म्हणून एकाच नकाशाचे ठसे आवृत्तीगणिक वेगळे पडतात. संग्राहक याच फरकांवर जगतो. १५७० मध्ये ऑर्टेलियसचा तांब्यावर कोरलेल्या नकाशांचा संग्रह निघाला आणि लाकडाचे दिवस सरत गेले.

वाटेत १६१५ च्या नोव्हेंबरात डोकवा. सुरतेहून बऱ्हाणपूरला निघालेला इंग्रज वकील टॉमस रो नंदुरबारवरून जातोय. या मुलखातून प्रत्यक्ष गेलेल्या माणसाची माहिती पुढे १६१९ च्या बॅफिनच्या नकाशात उतरली, पण तो तांब्यावरचा.

आज मुंबईत जुने नकाशे विकणाऱ्या दुकानात तुमच्यापुढे एक पान ठेवलंय. उजेडासमोर धरा. चिंध्यांच्या कागदात जाळीच्या रेघा दिसायला हव्यात. तांब्याच्या ठशाभोवती पत्र्याची चौकट दबलेली असते, लाकडाला ती नसते. रेषेत मध्येच बारीक पांढरे ठिपके असतील तर फळीला कीड लागली होती, म्हणजे ठसा उशिराचा. पाठीमागचा मजकूर वाचा, आवृत्ती तिथं कळते. उल्मचं पान असेल तर समुद्राचा रंग बघा: १४८२ च्या प्रतींत तो गडद निळा, आणि होलेचं दिवाळं निघाल्यावर त्याच फळ्यांवरून १४८६ मध्ये योहान रेगरनं छापलेल्या प्रतींत मातकट. उल्म बहुतेकांच्या ऐपतीबाहेर आहे. म्युन्स्टर जमू शकतो.

दुकानदार युरोपचं रंगीत, देखणं पान पुढे करील. घेऊ नका. घडीवर फाटून चिकटवलेलं, बिनरंगी का असेना, दहावा नकाशाच मागा, आणि पैसे देण्याआधी नमादुसच्या दक्षिणेची नदी नावासकट नीट उमटली आहे ना, ते भिंगातून पाहून घ्या.