लिओनार्दोचा रेझ्युमे आणि माझा

गेले तीन शनिवार मी एकच फाईल उघडून बसतोय. फाईलचं नाव 'रेझ्युमे फायनल ४'. सहा वर्षं कोड लिहिला, त्यातली शेवटची दोन टीम लीड म्हणून, आणि आता प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करायचाय. कोड लिहिणं सोपं होतं हो! चुकलं की निदान कंपायलर सांगतो तरी. स्वतःबद्दल दोन पानं लिहायची म्हटलं की सांगायला कुणी नाही.

शेवटी वैतागून थेट लिओनार्दो दा विंचीला गाठलं. त्याचं एक पत्र 'जगातला पहिला रेझ्युमे' म्हणून ढकलपत्रांतून फिरत असतं, तुमच्याकडेही आलं असेल. त्याच धर्तीवर मी माझे दहा मुद्दे काढले, छान नंबर घातले आणि कॉलेजच्या एका सीनिअरला पाठवून दिले. हा बाबा आता मॅनेजर लोकांचे इंटरव्ह्यू घेतो. अर्ध्या तासात त्याचा फोन.

"अरे, तुला काय काय येतं ते कळलं. तुझ्या हातून पुरं काय झालं ते कुठंय?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, चूक माझी की लिओनार्दोची? म्हणून ते पत्र पुन्हा वाचलं, आणि या वेळी त्याच्या मागचं-पुढचंही वाचून काढलं. मागचं-पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही ना.

तर गोष्ट साधारण १४८२ ची. लिओनार्दो तिशीचा, म्हणजे जवळपास आपल्याच वयाचा. फ्लॉरेन्समध्ये व्हेरोकिओच्या हाताखाली शिकून तयार झालेला, चित्रकार म्हणून नाव होऊ लागलेलं. त्याला मिलानला जायचं होतं. तिथे लुदोविको स्फोर्झाची सत्ता होती. गादीवर पुतण्या आणि कारभार काकाच्या हातात, पुण्याच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. या लुदोविकोला लिओनार्दोने लिहिलेल्या अर्जाचा मसुदा आजही मिलानमध्येच, आंब्रोझियाना ग्रंथालयात, 'कोडेक्स आटलांटिकस' नावाच्या कागदांच्या गठ्ठ्यात आहे. अक्षर त्याचं स्वतःचं नाही. तो उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचा, हे सरळ लिहिलंय. म्हणजे रेझ्युमे दुसऱ्याकडून नीट लिहून घेण्याची पद्धत तेव्हापासूनची!

पत्रात नंबर घातलेले दहा मुद्दे आहेत आणि त्यातले पहिले नऊ लढाईचे. हलके, उचलून नेता येणारे पूल. वेढा घातल्यावर खंदकातलं पाणी काढून टाकायच्या युक्त्या. गारांसारखा दगडांचा मारा करणाऱ्या तोफा, आवाज न करता खणायची भुयारं, झाकलेले युद्धरथ. दहाव्या मुद्द्यात शांततेच्या काळातली कामं येतात, म्हणजे इमारती आणि पाणी एका जागेहून दुसरीकडे नेणं. आणि चित्रकला? ती अगदी शेवटी, तेही येते म्हणून, एका वाक्यात. ज्याने पुढे 'मोनालिसा' काढली त्याच्या अर्जात चित्रकला तळटीप असल्यासारखी आहे.

इथे मात्र त्याला मानलं पाहिजे. १४८२ मध्ये मिलान फेराराच्या बाजूने व्हेनिसशी लढत होतं. लुदोविकोला तेव्हा चित्र नको होतं, पूल आणि तोफा हव्या होत्या. लिओनार्दोने स्वतःला काय आवडतं ते बाजूला ठेवलं आणि वाचणाऱ्याला काय हवंय ते वर घेतलं. शिवाय लुदोविकोच्या मनात वडील फ्रान्चेस्को यांचा ब्राँझचा प्रचंड घोडेस्वार पुतळा उभारायचं होतं, तर पत्राच्या शेवटी तो घोडाही आपण करू असं सांगून टाकलं. आणि वर, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो, ही तयारी. प्रोटोटाईप देतो, मग ठरवा! अशी कव्हर लेटर मी तरी दुसरी पाहिली नाही.

पण सीनिअरचा प्रश्न लावून बघा. पुरं काय झालं?

पत्रात त्याचं उत्तर नाही. त्याने कुठल्या सैन्यासाठी पूल बांधला, कुठला किल्ला पाडला, एक ओळ नाही. आणि फ्लॉरेन्समध्ये मागे काय ठेवून आला होता? मार्च १४८१ मध्ये सान दोनातो मठाच्या साधूंशी एका मोठ्या चित्राचा करार झाला होता. मुदत २४ महिने, फार तर ३०. हे चित्र अर्धवट टाकून गडी मिलानला गेला. साधूंनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि शेवटी फिलिप्पिनो लिप्पीकडून दुसरं चित्र करून घेतलं, ते १४९६ मध्ये मिळालं. क्लायंटने व्हेंडर बदलला, आपल्या भाषेत.

मिलानमध्ये घोड्याचं काम त्याला मिळालं खरं. पण जुलै १४८९ मध्ये फ्लॉरेन्सच्या मिलानमधल्या वकिलाने लोरेन्झो दे मेदिचीला एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की लुदोविकोने पुतळ्याचं काम लिओनार्दोला दिलंय, पण तो ते पुरं करील असा त्याला भरवसा वाटत नाही, तेव्हा फ्लॉरेन्समधून एखाद-दोन जाणकार कारागीर पाठवता येतील का? हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. कारण आपला मॅनेजर आपल्यामागे बदली माणूस शोधतोय, हे आपल्याला कधीच कळत नसतं.

१४९० मध्ये लिओनार्दोने घोडा पुन्हा नव्याने सुरू केला. १४९३ मध्ये मातीचा पूर्ण आकाराचा नमुना लोकांना दाखवला. उंची सात मीटरच्या वर, म्हणजे दोन मजली घराएवढा घोडा. आता फक्त ओतकाम बाकी. त्यासाठी सुमारे ७० टन धातू जमवला होता. आणि १४९४ मध्ये फ्रान्सची फौज इटलीत उतरली. लुदोविकोने तो सगळा धातू तोफांसाठी सासऱ्याकडे, फेराराच्या ड्यूककडे, पाठवून दिला. १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतलं आणि त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेम धरायचा सराव केला. खेळ खलास.

मग लिओनार्दो कामचुकार होता का? तसंही म्हणता येत नाही. याच लुदोविकोसाठी त्याने 'लास्ट सपर' पुरं केलं. घोड्याच्या ओतकामाच्या त्याच्या बारीक नोंदी १९६० च्या दशकात माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडल्या. तयारी पक्की होती, धातू गेला. एका फाटक्या कागदावर त्याने लुदोविकोला उद्देशून लिहिलंय, की घोड्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण दिवस कसे आहेत ते मला ठाऊक आहे. बजेट गेलेल्या प्रत्येक टीमला हे वाक्य कळेल.

मग पुरं झालेलं काम कागदावर कसं दिसतं? त्यासाठी इटलीला जायला नको. आमचं गाव कुडाळकडे. दर गणपतीला ज्या रुळांवरून जातो ती कोकण रेल्वे ई. श्रीधरन यांच्या हाताखाली उभी राहिली. त्यांचं त्याआधीचं एक काम घ्या. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबनचा पूल मोडला, गर्डर समुद्रात गेले. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने ठरवले, वरच्या साहेबांनी ते तीनवर आणले आणि काम बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांच्याकडे दिलं. समुद्रात पडलेले गर्डर काढून पुन्हा वापरले. पूल ४६ दिवसांत उभा. यावरून मी आपली एक ओळ लिहून पाहिली (माझी हं, त्यांची नव्हे): 'वादळात मोडलेला रेल्वे पूल पुन्हा सुरू केला, मुदत तीन महिने, लागले ४६ दिवस, पडलेले गर्डर वापरून.' अडचण, मुदत, निकाल आणि तो कसा आला, सगळं एका ओळीत. 'उत्तम नेतृत्वगुण' लिहायची गरजच उरली नाही.

बरं, श्रीधरन यांचं सगळंच वेळेत झालं का? नाही. कोकण रेल्वे पाच वर्षांत व्हायची होती. काम १९९० मध्ये सुरू झालं आणि सलग गाडी धावायला १९९८ उजाडलं. गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं. मऊ मातीतले बोगदे खणता खणता ढासळायचे, पुन्हा खणायचे. तरी आज कोकण रेल्वे हे त्यांचं अपयश आहे असं कुणी म्हणत नाही. उशीर का झाला आणि त्यावर काय केलं, हे सांगता येतं, आणि गाडी धावते.

आता माझा घोडा. गेल्या वर्षीचा आमचा प्रोजेक्ट नऊ जणांचा, अकरा महिन्यांचा. आठव्या महिन्यात क्लायंटने बजेट काढून घेतलं आणि सगळं थांबलं. रेझ्युमेत मी लिहिलं होतं, 'यशस्वीरीत्या पूर्ण'. सगळेच लिहितात. कोण बघायला जातंय? पण १४८९ मध्ये त्या वकिलाने बघितलंच होतं की.

काल रात्री ती ओळ खोडली. आता असं आहे: 'नऊ जणांची टीम. पाचपैकी तीन मॉड्यूल वापरात गेली. एकाला सहा आठवडे उशीर, त्यातले चार माझ्या चुकलेल्या अंदाजामुळे; त्यानंतर दर आठवड्याला अंदाज नव्याने तपासायला सुरुवात केली, पुढचं मॉड्यूल वेळेत. आठव्या महिन्यात निधी थांबल्याने प्रोजेक्ट बंद.' ते 'माझ्या' लिहायला अर्धा तास लागला, खोटं कशाला बोलू. दोनदा खोडून 'आमच्या' केलं, पुन्हा 'माझ्या' केलं.

दहा मुद्द्यांचे तीन झाले. दोन पानांचं एक झालं. पहिल्या मुद्द्यात त्या कंपनीला जे काम हवंय तेच घेतलं, ते तेवढं लिओनार्दोकडून.

फाईलचं नाव आता 'रेझ्युमे फायनल ५'. सीनिअरला पाठवलीय, अजून फोन आलेला नाही. आला की कळवीनच. तोवर चहा टाकतो.