हृदयझडपांतील मेदसंचय

हृदयाच्या झडपांच्या पातळ पडद्यांत मेद साचून होणारा बदल. तो मुख्यतः महाधमनी झडपेत आढळतो. पडद्याच्या आवरणाला इजा झाली, की रक्तातील कोलेस्टेरॉलचे कण आत शिरतात. भक्षक पेशी ते गिळून फेसाळ दिसू लागतात. पुढे तेथे कॅल्शियम बसून पडदे ताठरतात. निरोगी झडपेचे तोंड ३ ते ४ चौ. सेंमी. उघडते, ते १ चौ. सेंमी.पर्यंत आले, की विकार तीव्र समजतात. धाप, छातीतील वेदना व भोवळ ही लक्षणे. स्टेथोस्कोपने छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या वरच्या कडेला खरखरीत आवाज ऐकू येतो. निदान इकोने (हृदयाच्या ध्वनिलहरी तपासणीने) पक्के होते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी हा विकार थांबत नाही. तीव्र अवस्थेत झडप बदलावी लागते.

लहान वयातील झडपविकाराचे मोठे कारण मात्र मेद नसून ऱ्हुमॅटिक ताप हे असते. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा दुखून तो बहुधा ५ ते १५ वर्षे वयात येतो. तो उलटू नये म्हणून दर ३–४ आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. आष्टी तालुक्यातून (जि. बीड) ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी असा ताप येऊन गेलेल्या मुलाचे उपचाराचे कागद सोबत न्यावेत आणि एकही इंजेक्शन चुकवू नये.