मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबई आणि लंडन (हीथ्रो) या विमानतळांना जोडणारा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील लघुतम अंतर त्यांमधून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या कंसावरून मोजतात. त्यानुसार हे अंतर सु. ७,२०० किमी. भरते. अंतर स्थिर असले, तरी ते कापण्यास लागणारा वेळ विमानांची क्षमता, वाटेतील थांबे, वारे आणि मार्गावरील देशांची अनुमती यांनुसार बदलत आला आहे.

विमानसेवेपूर्वी टपाल सुएझमार्गे आगबोटीने व पुढे यूरोपातून आगगाडीने जाई, त्यास सु. दोन आठवडे लागत. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन (क्रॉयडन)–कराची सेवा सुरू केली. तीत बाझेल ते जेनोआ हा टप्पा आगगाडीने व भूमध्य समुद्र उडत्या नौकेने ओलांडावा लागे. या प्रवासास सात दिवस लागत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू येथे टपाल आणले आणि मुंबई या मार्गास जोडली गेली. त्याच महिन्यात इराणी किनाऱ्यावरून जाणारा मार्ग सोडून विमाने अरबी किनाऱ्यावरील शारजामार्गे जाऊ लागली. इराणची अनुमती संपल्यामुळे हा बदल करावा लागला.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाने कैरो व जिनीव्हा येथे थांबत लंडनकडे जाणारी सेवा सुरू केली. आठवड्याचा प्रवास त्यामुळे तासांत मोजला जाऊ लागला. १९६० मध्ये बोईंग ७०७ ही जेट विमाने आल्यावर वेग ताशी सु. ९०० किमी.पर्यंत गेला; परंतु थांबे कायम राहिले. थांब्यांमुळे वेळ जाई, तसेच प्रत्येक अवतरणाबरोबर धोकाही वाढे. जिनीव्हाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ व २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनगंगा’ ही विमाने आदळली. पहिल्या अपघातात ४८ व दुसऱ्यात ११७ जण मृत्युमुखी पडले; दुसऱ्यातील मृतांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे होते.

पुढे लांब पल्ल्याच्या विमानांमुळे हा प्रवास विनाथांबा होऊ लागला. त्यास सु. दहा तास लागतात. उच्च वातावरणातील पश्चिमी वारे परतीच्या प्रवासात अनुकूल असल्याने मुंबईकडे येताना सु. एक तास वाचतो.

बृहद्‌वृत्ताचा मार्ग कराचीजवळून जातो, म्हणून पाकिस्तानचे आकाश बंद झाले की प्रवास लांबतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात असे घडले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस पुन्हा मनाई केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून दक्षिणेकडे वळून ओमानच्या बाजूने जावे लागले. अशा वळणाने वेळ व इंधन अधिक लागते आणि त्याचा भार अखेरीस प्रवासभाड्यावर पडतो.